चेकलिस्ट पूर्ण भरली, तरी पेपर परत का येतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजलाय का हे तुम्हालाही तपासता येईल. तुम्ही किशोरवयीन मुलांसाठी ताण हाताळायला शिकवणाऱ्या दहा सत्रांची ट्रायल, म्हणजे त्यांचा उपयोग होतो का हे पाहणारी चाचणी, केली. एकूण १६ शाळा घेतल्या, चिठ्ठ्या टाकून आठ शाळांत उपक्रम केला आणि आठ शाळा कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी उपक्रमाविना, ठेवल्या. पेपर दोन जर्नल्सनी परत पाठवला. दोन्हीकडच्या रिव्ह्यूअर्सनी, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांनी, ‘रिपोर्टिंग अपुरं आहे’ असं लिहिलं. तुम्ही तर कॉन्सॉर्टची, म्हणजे ट्रायलच्या पेपरात काय-काय लिहायचं ते सांगणाऱ्या मार्गदर्शक सूत्रांची, चेकलिस्ट प्रत्येक मुद्द्यापुढे पान क्रमांक टाकून जोडली होती. तेव्हा तुम्ही विचारताय की आणखी काय लिहायचं राहिलं, आणि निकाल ‘सिग्निफिकंट’, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही इतका ठळक, आला नाही म्हणून तर हे चाललं नाही ना?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती मनात राहिली तर बाकीचं ऐकायची इच्छाच उरत नाही. शंका निराधार नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अनुदानावर झालेल्या, नैराश्यावरच्या मानसोपचारांच्या ट्रायल्सचा २०१५ साली मागोवा घेतला गेला. सुरू झालेल्या ५५ अनुदानित ट्रायल्सपैकी १३ कधी छापूनच आल्या नव्हत्या. त्या न छापलेल्या ट्रायल्सचा डेटा मिळवून हिशेबात धरल्यावर उपचारांचा परिणाम सुमारे पाव हिश्श्याने कमी भरला. म्हणजे ‘काही झालं नाही’ असं सांगणारे निकाल कपाटात राहतात हे खरं आहे. पण मसुद्यासोबत तुम्ही रिव्ह्यूअर्सची जी वाक्यं उतरवून दिली आहेत, त्यांत निकालाबद्दल तक्रार नाही. ‘उपक्रम प्रत्यक्षात कसा झाला ते कळत नाही’, ‘कंट्रोल शाळांत काय चालू होतं?’, ‘विश्लेषणाचं एकक कोणतं?’ (म्हणजे हिशेब विद्यार्थ्यांचा की शाळांचा) असे ते प्रश्न आहेत. मी स्वतः रिव्ह्यू करायला बसले असते, तर हेच तीन विचारले असते. आणि निकाल शून्याजवळचा असतो तेव्हा या प्रश्नांचं वजन उलट वाढतं, ते का हे पुढे सांगते.

चेकलिस्ट भरताना आपण ‘हा मुद्दा कुठल्या पानावर आहे’ याचं उत्तर देतो. त्या पानावर जे लिहिलंय ते पुरेसं आहे का, हे ती विचारत नाही. ‘सत्रांची माहिती, पान ५’ ही नोंद खरी असू शकते आणि पान ५ वर दोनच ओळी असू शकतात. गेली अठरा वर्षं मी सामाजिक आणि मानसशास्त्रीय उपक्रमांच्या ट्रायल्सवर काम करते आहे, त्यात इतरांचे पेपर तपासणंही आलं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पेपरांत दुखणं एकच असतं. काय करायचं ठरलं होतं ते लिहिलेलं असतं, काय घडलं ते नसतं. आणि आपल्या क्षेत्रात या दोहोंमधलं अंतर हीच सर्वांत मोलाची माहिती असते.

औषधाच्या ट्रायलमध्ये हे अंतर लहान असतं. गोळीत किती मिलिग्रॅम औषध आहे ते ठरलेलं असतं, आणि ती कुणी दिली म्हणून तिच्यातलं रसायन बदलत नाही. कॉन्सॉर्टची मार्गदर्शक सूत्रं १९९६ साली आली ती मुख्यतः अशाच ट्रायल्स डोळ्यांपुढे ठेवून. २०१० च्या आवृत्तीत २५ मुद्दे होते, आणि तुम्ही भरली ती बहुधा हीच यादी. दहा सत्रांचा उपक्रम मात्र आठ शाळांत आठ प्रकारे बदलू शकतो. शिक्षक बदलतो, तासिका लहान पडते, परीक्षा मध्ये येते, एखादा प्रशिक्षक अवघड वाटणारा भाग गाळतो. म्हणून २०१८ मध्ये कॉन्सॉर्टचा सामाजिक आणि मानसशास्त्रीय उपक्रमांसाठी वेगळा विस्तार आला. त्यात मूळ २५ पैकी नऊ मुद्द्यांची व्याप्ती वाढवली आहे. उपक्रम कोणत्या मार्गाने काम करेल अशी अपेक्षा होती, तो देणाऱ्यांची आणि ठिकाणांची निवड कोणत्या निकषांवर झाली, तो प्रत्यक्षात किती दिला गेला आणि लोकांनी किती घेतला, मॅन्युअल (सत्रं कशी घ्यायची ते सांगणारी पुस्तिका) कुठे मिळेल, गळलेल्या डेटाचं काय केलं, हे सगळं त्यात स्वतंत्रपणे मागितलं आहे. पुढे २०२५ मध्ये मूळ कॉन्सॉर्टचीच नवी, ३० मुद्द्यांची आवृत्ती आली आणि उपक्रम प्रत्यक्षात कसा दिला गेला हा प्रश्न तिथेही आला. तेव्हा पहिली सूचना साधी आहे: जुनी यादी बाजूला ठेवा आणि २०१८ चा विस्तार व २०२५ ची आवृत्ती शेजारी-शेजारी उघडा.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. ट्रायल सुरू होण्याआधी तिची नोंदणी केली होती का, म्हणजे काय मोजणार ते सार्वजनिक नोंदवहीत आधीच जाहीर केलं होतं का? सत्रांच्या वेळी हजेरी आणि प्रशिक्षकांच्या नोंदी ठेवल्या होत्या का? मॅन्युअल तुमचं स्वतःचं की दुसऱ्या कुणाचं? नोंदी असतील, तर पेपर पुष्कळ सुधारता येईल. नसतील, तर त्या आता तयार करता येणार नाहीत आणि आठवणीवरून आकडे लिहूही नका. ‘ही माहिती गोळा केली नव्हती’ हे वाक्य पेपरात लिहायला लाज वाटायचं कारण नाही. ज्या पेपरात ते वाक्य असतं, त्या पेपरातल्या बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास वाढतो.

उपक्रमाचं वर्णन हा विषय मला सर्वांत जवळचा, म्हणून इथे जरा थांबते. सुरुवातीच्या काळात मी पालकांसाठीच्या गट-सत्रांच्या एका ट्रायलवर होते. आम्ही पेपरात लिहिलं, ‘प्रशिक्षित स्वयंसेविकांनी आठवड्यातून एक याप्रमाणे नव्वद मिनिटांची आठ सत्रं घेतली.’ वाक्यात खोटं काहीच नव्हतं. दोनेक वर्षांनी दुसऱ्या एका संस्थेतल्या बाईंचं पत्र आलं. त्यांना तोच उपक्रम सुरू करायचा होता. त्यांनी विचारलं होतं की आई लहान मुलाला घेऊन आली तर तुम्ही काय करत होतात, पाचव्या सत्रापर्यंत किती जणी टिकल्या, न येणाऱ्यांना निरोप कोण द्यायचं? आम्ही जुन्या वह्या काढल्या. तेव्हा लक्षात आलं की एक स्वयंसेविका गैरहजर राहिलेल्या प्रत्येकीच्या घरी जाऊन यायची, चुकलेलं सत्र थोडक्यात सांगायची. तिच्या गटांत जवळजवळ पूर्ण हजेरी होती, इतरांच्या गटांत गळती होती. तिचं ते घरी जाणं मॅन्युअलमध्ये नव्हतं आणि म्हणून पेपरातही आलं नव्हतं. आमच्या उपक्रमातली कदाचित सर्वांत कामाची गोष्ट आम्हीच कुणाला सांगितली नव्हती. तोवर ती काम सोडून गेली होती, आणि ती घरी जाऊन नेमकं काय बोलायची हे विचारायला आम्हाला उशीर झाला होता. हे मला आजही लागून राहिलेलं आहे.

हा एकट्या आमचा अनुभव नाही. २०१३ साली एका अभ्यासात औषधाव्यतिरिक्तच्या १३७ उपचार-उपक्रमांची वर्णनं तपासली गेली. दुसऱ्याला करून पाहता येईल इतकी माहिती फक्त ३९ टक्क्यांची होती. संशोधकांना पत्रं लिहून विचारल्यावरही हा आकडा ५९ टक्क्यांपर्यंतच गेला. म्हणजे उरलेल्यांच्या बाबतीत पैसा खर्च झाला, लोकांनी वेळ दिला, निकाल छापला गेला, आणि तो उपक्रम पुन्हा उभा करायला लागणारी माहिती मात्र मिळत नाही. त्यानंतर २०१४ मध्ये टायडिअर नावाची बारा मुद्द्यांची यादी आली. उपक्रमाचं नाव, त्यामागचा विचार, साहित्य, पद्धत, कोणी दिला, कसा, कुठे, किती वेळा, व्यक्तीनुसार काय बदललं, मध्येच काय बदल झाले, योजनेप्रमाणे होतोय का हे कसं पाहायचं ठरलं, आणि प्रत्यक्षात किती झालं. तुमच्या रिव्ह्यूअरचा पहिला प्रश्न यातल्या शेवटच्या चारांत येतो.

फरक दिसावा म्हणून एक नमुना देते. यातली माहिती आणि आकडे काल्पनिक आहेत, फक्त घाट पाहा. तुमचं आत्ताचं वाक्य असं आहे: ‘प्रशिक्षित शिक्षकांनी दहा सत्रं घेतली.’ त्याऐवजी असं: ‘प्रत्येक शाळेतल्या दोन वर्गशिक्षकांना तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. त्यांना समुपदेशनाचा पूर्वानुभव नव्हता. दहा सत्रं ठरली होती. पाच शाळांत दहाही झाली, दोन शाळांत परीक्षेमुळे आठ झाली, एका शाळेत शिक्षकाची बदली झाल्याने सहा. श्वसनाचा सराव सगळीकडे घेतला गेला. गटचर्चेचा भाग मात्र निरीक्षण केलेल्या २० सत्रांपैकी ९ सत्रांत गाळला गेला आणि वेळ पुरत नव्हता हे कारण शिक्षकांनी दिलं. निम्म्या विद्यार्थ्यांनी आठ किंवा अधिक सत्रांना हजेरी लावली.’ शब्द वाढले खरे. पण हे वाचणारा मुख्याध्यापक लगेच ओळखेल की आपल्या चाळीस मिनिटांच्या तासिकेत गटचर्चा बसणार नाही. हाच प्रश्न मी प्रत्येक मसुद्याला लावते: ज्याला उद्या हा उपक्रम करायचा आहे किंवा करू नये असं ठरवायचं आहे, त्याला यातून काय कळलं?

तुमचा निकाल शून्याजवळचा आहे म्हणून या वर्णनाचं वजन वाढतं असं वर म्हटलं, ते इथे. उपक्रम पूर्ण दिला गेला आणि तरी फरक पडला नाही, तर कल्पनेतच काही चुकलं असेल. उपक्रम अर्धाच दिला गेला आणि फरक पडला नाही, तर कल्पनेबद्दल आपण काहीच शिकलो नाही. शाळेच्या वेळापत्रकात ती कशी बसत नाही एवढं शिकलो. ही दोन्ही उत्तरं उपयोगाची आहेत, पण ती अगदी वेगळी आहेत, आणि तुमच्या आत्ताच्या मसुद्यावरून वाचकाला त्यांतलं कोणतं ते ठरवता येत नाही. म्हणून उपक्रम कसा काम करेल असं तुम्हाला वाटत होतं तेही प्रस्तावनेत सरळ लिहा. ‘सत्रांमुळे मुलं मदत मागू लागतील आणि त्यामुळे ताण कमी होईल’ अशी धारणा असेल, तर मुलं मदत मागू लागली का हे वाचक शोधेल. साखळी कुठे तुटली हे त्याला दिसू द्या.

दुसरा प्रश्न कंट्रोल शाळांचा. ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द फार काही लपवतो. कंट्रोल शाळांत समुपदेशक येत होते का? त्या वर्षी मानसिक आरोग्याचा दुसरा कुठला कार्यक्रम होता का? ‘तुम्हाला उपक्रम पुढच्या वर्षी मिळेल’ असं सांगून त्यांना प्रतीक्षायादीत ठेवलं होतं का? हा शेवटचा तपशील क्षुल्लक वाटतो, पण मानसोपचारांच्या ट्रायल्सची तुलना करून काही संशोधकांनी दाखवलं आहे की प्रतीक्षेत ठेवलेल्या माणसांची स्थिती काहीच न दिलेल्यांपेक्षाही कमी सुधारलेली दिसते. मदत येणार आहे या भरवशावर माणूस स्वतःचे प्रयत्न थांबवत असेल. कारण काहीही असो, तुलना कशाशी आहे हे कळल्याशिवाय परिणामाच्या आकड्याला अर्थ नाही. उपक्रमाच्या शाळांना जितक्या ओळी दिल्यात, त्याच्या निदान अर्ध्या तरी कंट्रोल शाळांना द्या.

तिसरा प्रश्न एककाचा, आणि इथे नुसतं लिखाण सुधारून भागणार नाही, गणितही पुन्हा तपासावं लागेल. तुम्ही चिठ्ठ्या शाळांच्या टाकल्या, विद्यार्थ्यांच्या नाही. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. त्यांचे शिक्षक तेच, वस्ती तीच, परीक्षेचं दडपण तेच. म्हणून ८०० विद्यार्थी म्हणजे ८०० स्वतंत्र माणसं धरता येत नाहीत. शाळेतल्या शाळेत असलेलं हे सारखेपण (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.०५ एवढं छोटं धरलं आणि प्रत्येक शाळेत ५० विद्यार्थी असले, तर हिशेब असा बसतो: ५० मधून १ वजा करून ४९, त्याला ०.०५ ने गुणून २.४५, त्यात १ मिळवून ३.४५. आता ८०० ला ३.४५ ने भागा, तर उरतात सुमारे २३२. माहितीच्या दृष्टीने तुमच्याकडे तेवढेच विद्यार्थी आहेत. सारखेपण ०.०२ धरलं, तरी ४०४. हे लक्षात न घेता केलेल्या विश्लेषणात अनिश्चितता कमी दिसते आणि नसलेला परिणाम ‘सिग्निफिकंट’ ठरू शकतो. तुमच्या सॉफ्टवेअरच्या फाइल्स पाहा. शाळा हा स्तर मॉडेलमध्ये घेतला आहे का? घेतला असेल, तर ते स्पष्ट लिहा आणि सारखेपणाचा तो आकडाही छापा, पुढच्या संशोधकाला नमुना किती घ्यायचा हे ठरवायला त्याचाच उपयोग होतो. घेतला नसेल, तर विश्लेषण पुन्हा करा. एकूण सोळाच शाळा असल्याने लहान संख्येसाठीची दुरुस्ती लागेल, त्यासाठी एखाद्या संख्याशास्त्रज्ञाला सोबत घ्या. समूहांच्या ट्रायल्ससाठीही कॉन्सॉर्टचा वेगळा विस्तार आहे, २००४ चा आणि २०१२ मध्ये सुधारलेला.

याच मुद्द्याला चिकटलेली एक गोष्ट रिव्ह्यूअर्सनी विचारलेली नाही, मी विचारते. विद्यार्थ्यांची आणि पालकांची संमती चिठ्ठ्या टाकण्याआधी घेतली की नंतर? नंतर घेतली असेल, तर उपक्रमाच्या शाळेतल्या शिक्षकांनी ‘या मुलाला गरज आहे’ म्हणून काहींना आग्रह केला असण्याची शक्यता राहते, आणि कंट्रोल शाळेत तसं कुणी केलं नसेल. दोन्ही बाजूंची मुलं सुरुवातीपासूनच वेगळी पडतात. क्रम जो असेल तो लिहा. चिठ्ठ्या कुणी टाकल्या आणि त्या उघडेपर्यंत कोणती शाळा कुठल्या गटात हे कुणाला माहीत होतं का, हेही लिहा. १९९५ साली २५० वैद्यकीय ट्रायल्स तपासल्यावर दिसलं होतं की ज्यांत ही गुप्तता नीट राखलेली नव्हती, त्यांनी उपचाराचा परिणाम फुगवून दाखवला होता. आपल्या क्षेत्रात विद्यार्थ्यांपासून किंवा शिक्षकांपासून गट लपवणं बहुतेकदा शक्य नसतं, ते कुणी मागतही नाही. पण प्रश्नावली तपासणाऱ्याला गट माहीत होता का, हे एका वाक्यात सांगता येतं.

माणसं कुठे-कुठे गळली त्याच्या आकृतीबद्दल फार लिहीत नाही. तुमची आकृती ‘१६ शाळा’ या चौकटीपासून सुरू होते. ती त्याच्या आधीपासून सुरू करा: किती शाळांना विचारलं, किती नाही म्हणाल्या, का. शाळा आणि विद्यार्थी यांचे आकडे प्रत्येक टप्प्यावर वेगळे द्या. सुरुवातीच्या तक्त्यात वय आणि लिंग आहे, त्यात कुटुंबाच्या आर्थिक-सामाजिक स्थितीबद्दल जे विचारलं असेल ते घाला. आणि त्या तक्त्यातला पी-व्हॅल्यूचा (प्रत्यक्षात फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) रकाना काढून टाका. गट चिठ्ठ्यांनी पडले असतील, तर तिथला फरक योगायोगाचाच असतो, त्याची परीक्षा घेऊन काही हाती लागत नाही.

निकालांच्या भागात मला एक गंभीर चूक दिसली. तुम्ही लिहिलंय, ‘उपक्रमाच्या शाळांत ताणाचे गुण लक्षणीय कमी झाले, कंट्रोल शाळांत झाले नाहीत.’ ही तुलना प्रत्येक गटाच्या आधी-नंतरची आहे. ट्रायलचा प्रश्न दोन गटांमधल्या फरकाचा असतो. एका बाजूचा पी ०.०४ आणि दुसऱ्या बाजूचा ०.०८ आला, म्हणजे दोहोंत फरक आहे असं होत नाही. दोन गटांतला फरक, त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो), आणि तो फरक मुलांच्या आयुष्यात किती मोठा, एवढं द्या. शून्याजवळच्या निकालात तर ही मर्यादाच खरी बातमी असते. ती अरुंद असेल, तर मोठा परिणाम नाही हे तुम्ही ठामपणे म्हणू शकता. रुंद असेल, तर तुम्हाला अजून माहीत नाही, एवढंच म्हणता येईल. सुरुवातीला मुख्य मोजमाप कोणतं ठरवलं होतं, तेच पहिलं लिहा. तुमच्या सारांशात झोपेवरचा निकाल पुढे आला आहे आणि ताणाचा, जो मुख्य होता, तो तिसऱ्या ओळीत गेला आहे. हे मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. उजळ दिसणाऱ्या आकड्याकडे हात आपोआप जातो. पण बहुतेक जण सारांशच वाचतात.

यानंतर ज्याबद्दल फार कमी लिहिलं जातं ते: अपाय. ‘बोलण्याने आणि आधार देण्याने काय नुकसान होणार?’ हा समज किती महाग पडू शकतो, याचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधली केंब्रिज-सॉमरव्हिल यूथ स्टडी. मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून १९३९ मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगात ५०६ मुलगे होते. मिळत्याजुळत्या जोड्या लावून, नाणेफेक करून एकाला समुपदेशक, शिकवणी, वैद्यकीय मदत, उन्हाळी शिबिरं मिळाली आणि दुसऱ्याला काही नाही. मदत सरासरी पाच वर्षं चालली. गुन्हेशास्त्रज्ञ जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनंतर या सगळ्यांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी बरेच जण म्हणत होते की आम्हाला खूप फायदा झाला. प्रत्यक्षात एकाही मोजमापावर ते सरस नव्हते आणि मद्यपान, गंभीर मानसिक आजार, लवकर मृत्यू अशा काही बाबतींत त्यांची स्थिती अधिक वाईट होती. पुढे १९९९ मधल्या विश्लेषणात संशयाची सुई उन्हाळी शिबिरांकडे वळली. एकापेक्षा जास्त वेळा शिबिराला गेलेल्यांतच नुकसान प्रामुख्याने दिसलं. बिघडण्याच्या वाटेवरची मुलं एकत्र आणल्याने ती एकमेकांकडून तेच शिकली असावीत, असा तर्क मांडला गेला. मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की समुपदेशकांनी प्रत्येक मुलाच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या होत्या. कुणाला काय आणि किती मिळालं हे लिहिलेलं होतं म्हणूनच काही दशकांनी ‘नेमकं कशाने?’ हा प्रश्न विचारता आला.

तुमच्या ट्रायलमध्ये सत्रांनंतर कुणी जास्त अस्वस्थ झालं का, कुणाला वर्गात चिडवलं गेलं का, कुणाला तातडीने मदतीसाठी पाठवावं लागलं का? पाहिलं असेल, तर दोन्ही गटांचे आकडे द्या. पाहिलंच नसेल, तर ‘अपाय आढळले नाहीत’ असं लिहू नका, ‘अपायांची पद्धतशीर नोंद ठेवली नव्हती’ असं लिहा. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

हितसंबंधांचं थोडक्यात. मॅन्युअल तुमच्याच चमूतल्या कुणी लिहिलं असेल, तर ते सांगा, आणि त्या व्यक्तीचा विश्लेषणात हात होता का तेही. पैसे मिळत नसले, तरी आपण घडवलेल्या गोष्टीवर जीव असतो, आणि वाचकाला ते कळण्याचा हक्क आहे. २०१८ च्या विस्तारात हा मुद्दा मुद्दाम घातलेला आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं शब्दमर्यादेत कसं बसवायचं? बसत नाही, हे मान्य. माझी रीत अशी आहे की मुख्य पेपरात उपक्रमाला एक भरीव परिच्छेद आणि ‘ठरलेलं व घडलेलं’ असा एक तक्ता, शाळावार. बाकी सगळं, म्हणजे मॅन्युअल, प्रशिक्षणाचं वेळापत्रक, निरीक्षणाचा नमुना, टायडिअरचा भरलेला तक्ता, पुरवणीत किंवा कायमस्वरूपी दुवा मिळेल अशा खुल्या भांडारात. संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवू नका, ती पानं हरवतात. जागा करायची असेल, तर प्रस्तावना कापा. ताण ही मोठी समस्या आहे हे सांगायला तुम्ही दोन पानं खर्च केली आहेत, आणि तुमचा वाचक ते मानूनच पेपर उघडतो.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. आधी विश्लेषणाचं एकक तपासा, कारण ते चुकलं असेल तर आकडेच बदलतील. मग प्रशिक्षकांना आणि निरीक्षकांना एकत्र बसवून, हजेरीपट आणि वह्या समोर ठेवून शाळावार तक्ता करा. त्यांना विचारा, ‘मॅन्युअलमध्ये नव्हतं असं तुम्ही काय केलं?’ लोक हे सांगायला घाबरतात, त्यांना वाटतं चूक पकडली जातेय. माहिती हवी आहे, जाब नको आहे, हे आधी सांगा. त्यानंतर नोंदणीतली किंवा प्रोटोकॉलमधली (ट्रायलच्या आधी लिहिलेल्या आराखड्यातली) ठरलेली मोजमापं आणि पेपरातली मोजमापं शेजारी मांडा, जिथे फरक असेल तिथे कारण लिहा. नोंदणी झाली नसेल, तर तेही मान्य करा. काही जर्नल्स तेवढ्यावरून नाकारतील आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. सगळ्यात शेवटी चेकलिस्ट घ्या. ती भरताना पान क्रमांकाऐवजी पेपरातलं ते वाक्यच रकान्यात उतरवा. जिथे उतरवायला वाक्य सापडत नाही, तिथे काम बाकी आहे.

पुन्हा पाठवताना सोबतच्या पत्रात रिव्ह्यूअर्सच्या तिन्ही प्रश्नांना नवी पानं दाखवून उत्तर द्या, आणि निकाल शून्याजवळचा आहे हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका. विश्वासमर्यादा अरुंद निघाली तर तेही तिथेच लिहा. तक्ता तयार झाला की त्याचा फोटो किंवा फाइल इथे टाका, शाळांची नावं झाकून. मी पाहून सांगेन.